वऱ्हाडच्या उन्हात ग्राफिक्स कार्ड टिकवायचं असेल, तर आधी वॅट बघा

बारावीचा निकाल लागतो. बडनेऱ्याच्या किंवा बाभूळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ॲडमिशन होतं. मग घरात विषय निघतो कॉम्प्युटरचा. पोराला गेमिंगवाला हवा असतो, बाबांना "अभ्यासाचा" हवा असतो आणि सोयाबीनच्या पट्टीचे किंवा पीएफमधून काढलेले पैसे एकदाच खर्च व्हायचे असतात. दुकानात गेल्यावर बाबांचा प्रश्न एकच असतो, "भाऊ, हे किती वर्षं चालन?" आणि उत्तरही ठरलेलं असतं, "घ्या बिनधास्त, दहा वर्षं पाहाचं काम नाही."

आता गेमिंग कॉम्प्युटरमधला सगळ्यात महाग पार्ट म्हणजे ग्राफिक्स कार्ड. अनेकदा एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त पैसा त्या एकट्यावर जातो. त्यामुळे ते खरंच किती टिकेल, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पण यूट्यूबवर त्याचं जे उत्तर मिळतं, ते बहुतेक वेळा एसीच्या खोलीत बसून दिलेलं असतं. अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इथला हिशोब थोडा वेगळा आहे. तोच समजून घेऊ.

कार्ड दोन प्रकारे संपतं

"कार्ड किती टिकेल" यात खरं तर दोन प्रश्न लपलेले आहेत. एक, ते जळून किंवा बिघडून बंद कधी पडेल? दोन, ते चालू असूनही नवीन गेम चालवायला अपुरं कधी पडेल?

दुसऱ्या प्रश्नाचं चांगलं उदाहरण म्हणजे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०. हे कार्ड २०१६ मध्ये आलं. कंपनीने त्या पिढीच्या कार्डांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत दिले. म्हणजे मधल्या दर्जाचं कार्ड असूनही नऊ वर्षं कंपनी त्याच्या मागे उभी होती.

त्याच पिढीतलं एक अत्यंत दणकट कार्ड म्हणजे २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय. ताकद भरपूर, मेमरी ११ जीबी. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा गेम त्याच्यावर चालत नाही. कारण त्या गेमला प्रकाशाचा हिशोब करणारी रे ट्रेसिंगची सोय थेट कार्डातच लागते आणि ती १०८० टीआयमध्ये नाही. नुसत्या ताकदीत त्याच्यापेक्षा कमी असलेलं आरटीएक्स २०६० सुपर मात्र या गेमची किमान अट पूर्ण करतं.

यातून काय कळतं? सगळ्यात महाग कार्ड घेतलं म्हणजे सगळ्यात जास्त वर्षं मिळतील असं नाही. नवीन पिढीचं मधल्या दर्जाचं कार्ड बऱ्याचदा मागच्या पिढीच्या राजाला मागे टाकतं. त्यामुळे "एकदाच जबरदस्त घेऊन टाकू, दहा वर्षं बघायला नको" हा विचार ऐकायला बरा वाटला तरी पैशांच्या हिशोबात तो बहुतेकदा बसत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तिथेच वऱ्हाडचं ऊन आडवं येतं.

२२ अंशांची खोली आणि ४० अंशांची खोली

कार्डाला थंड ठेवणारा पंखा बाहेरची हवा थंड करत नाही. तो फक्त खोलीतली हवा कार्डावरून फिरवतो. त्यामुळे चिपचं तापमान म्हणजे साधारणपणे खोलीचं तापमान आणि त्यावर कार्डाने वाढवलेली उष्णता, यांची बेरीज.

समजा एखाद्या व्हिडिओत २२ अंशांच्या खोलीत एक कार्ड गेम खेळताना ६६ अंशांवर राहिलं. म्हणजे वाढ झाली ४४ अंशांची. आता तेच कार्ड मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरच्या, स्लॅब तापलेल्या खोलीत ठेवा. खोली ४० अंशांवर असेल तर बेरीज होते ८४. एनव्हिडियाच्या अलीकडच्या बऱ्याच कार्डांची कमाल मर्यादा ८५ ते ९० अंशांच्या आसपास असते. म्हणजे कार्ड अगदी काठावर आलं. पंखे जोरात फिरू लागतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर कार्ड स्वतःच वेग कमी करतं. गेम अडखळायला लागतो आणि आपल्याला वाटतं कार्ड खराब निघालं.

एका दुपारी असं झालं म्हणून कार्ड मरत नाही. पण उष्णतेचा परिणाम साठत जातो. कार्डावरचे आणि एसएमपीएसमधले कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारे होतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. शिवाय रोज तापणं आणि थंड होणं यामुळे सोल्डरचे सांधे आकसतात आणि प्रसरण पावतात. वर्षानुवर्षं हे चाललं की त्यांना बारीक तडे जाऊ शकतात.

म्हणून आपल्याकडे कार्ड निवडताना पहिला प्रश्न "किती फ्रेम देतं" हा नको. पहिला प्रश्न हवा "किती वॅट खातं".

वॅट म्हणजे खोलीत लावलेला हीटर

कार्ड जेवढी वीज घेतं, ती जवळपास सगळी उष्णता होऊन खोलीतच बाहेर पडते. सध्याच्या पिढीतल्या काही कार्डांचे कंपन्यांनी दिलेले आकडे बघा:

- आरटीएक्स ५०६०: १४५ वॅट, मेमरी ८ जीबी
- रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी: १६० वॅट, मेमरी १६ जीबी
- आरटीएक्स ५०६० टीआय: १८० वॅट, मेमरी ८ किंवा १६ जीबी
- इंटेल आर्क बी५८०: १९० वॅट, मेमरी १२ जीबी
- रेडिऑन आरएक्स ९०७०: २२० वॅट, मेमरी १६ जीबी
- आरटीएक्स ५०७०: २५० वॅट, मेमरी १२ जीबी
- आरटीएक्स ५०७० टीआय: ३०० वॅट, मेमरी १६ जीबी
- आरटीएक्स ५०९०: ५७५ वॅट, मेमरी ३२ जीबी

शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. ३०० वॅटचं कार्ड आणि बाकी कॉम्प्युटर मिळून ४०० वॅटच्या वर गेलं, की दहा बाय दहाच्या खोलीत तुमच्यासोबत चार माणसं दाटीवाटीने बसल्यासारखं होतं. ती उष्णता खोली तापवते आणि तीच तापलेली हवा परत कार्ड ओढून घेतं.

बिलाचंही तसंच. १८० वॅटचं आणि ३०० वॅटचं कार्ड यांत फरक १२० वॅटचा. रोज चार तास गेम खेळला तर वर्षाला साधारण १७५ युनिट जास्त जातात. युनिटचा दर सोयीसाठी १० रुपये धरला, तर पाच वर्षांत पावणेनऊ हजार रुपये फक्त या फरकाचे झाले. त्यातही महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे असतात. आधीच ३०० च्या आसपास असलेलं घर या वाढीने वरच्या, महाग टप्प्यात जाऊ शकतं.

मग कुठे तडजोड करायची नाही? मेमरीत

कार्डाची ताकद कमी पडली तर सेटिंग थोडी खाली आणून काम भागतं. पण कार्डावरची मेमरी कमी पडली की गेम मधूनच झटके देतो, भिंतींवरची चित्रं पुसट दिसतात आणि कधी गेमच बंद पडतो. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही. ती कार्डावरच पक्की बसवलेली असते.

जीटीएक्स १०६० दोन प्रकारांत मिळायचं, ३ जीबी आणि ६ जीबी. नव्याने घेताना वेगात फरक थोडाच होता. काही वर्षांनी ३ जीबीवाल्यांना नवीन गेम जड जाऊ लागले, ६ जीबीवाले मात्र आणखी बरीच वर्षं खेळत राहिले. आज तीच गोष्ट ८ आणि १६ जीबीत घडते आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'हॉगवर्ट्स लेगसी' आणि 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' या गेमनी जास्त सेटिंगवर ८ जीबी अपुरे पडू शकतात हे दाखवून दिलं.

आणि गंमत अशी, की जास्त मेमरीमुळे कार्ड फारसं जास्त तापत नाही. म्हणजे वॅट आवाक्यात आणि मेमरी भरपूर, ही जोडी आपल्या हवामानाला बरोबर जमते. इंजिनीअरिंगच्या पोरांना पुढे ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग किंवा एआयचे प्रोजेक्ट करायचे असतील, तर तिथेही मोठी मेमरी कामाला येते. एआयचं बरंच सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीवर लिहिलेलं असतं, एवढं मात्र लक्षात ठेवा. बाबांचा "अभ्यासाचा कॉम्प्युटर" आणि पोराचा गेमिंगचा, दोन्ही इथे एकाच ठिकाणी येतात.

आत्ता एक घेऊ, नंतर दुसरं जोडू?

जुने जाणकार अजून हा सल्ला देतात. एक काळ होता, जेव्हा तो चालायचा. १९९८ च्या व्हूडू २ पासून दोन कार्डं जोडायची कल्पना आली. पुढे एनव्हिडियाने एसएलआय आणि एटीआयने क्रॉसफायर आणलं. आज मात्र तो रस्ता गेमिंगसाठी बंद झाला आहे. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयसाठी नवीन ड्रायव्हर प्रोफाइल देणं थांबवलं आणि नंतरच्या ४० मालिकेच्या गेमिंग कार्डांवर जोडणीची पट्टीच ठेवली नाही. दोन कार्डं म्हणजे आता दुप्पट उष्णता, दुप्पट वीज आणि बहुतेक गेममध्ये फायदा शून्य. त्यामुळे एकच कार्ड घ्या, पण नीट बघून घ्या.

कार्ड वाचवणारे पैसे कार्डावर नसतात

मोठं कार्ड न घेता जे पैसे वाचले, ते कुठे घालायचे? पहिला नंबर एसएमपीएसचा. असेंबल करताना सगळ्यात जास्त काटकसर इथेच होते आणि नुकसानही इथूनच होतं. खोक्यावर ८० प्लसचा शिक्का असतो. तो चांगलाच, पण तो सांगतो की वीज किती वाया जाते. ती चाचणी साधारण २३ अंशांवर होते. ४० अंशांच्या खोलीत तो किती तग धरेल हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी पूर्ण वॅट किती तापमानाला देतो ते बघा, ४० की ५० अंश. आत १०५ अंशांचे कपॅसिटर आहेत का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे हेही बघा. आरटीएक्स ५०६० टीआयसाठी एनव्हिडिया ६०० वॅटचा, तर ५०७० टीआयसाठी ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तापमान बघता त्याच्या एक पायरी वर गेलात तर चांगलं.

दुसरं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेक घरांत आहे. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा थोडा करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटवर राहतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास २३० व्होल्ट आणि न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. हे काम कार्डाच्या किमतीपुढे अगदी किरकोळ खर्चाचं आहे.

तिसरा यूपीएस. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. १८० वॅटचं कार्ड असलेला कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून ३३० च्या आसपास जातात. म्हणजे तो यूपीएस काठावर येतो आणि लाइट गेल्यावर कॉम्प्युटर बंद पडू शकतो. १००० व्हीएचा घेतलेला बरा. आणि रोहिणी-मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, इंटरनेटची तांब्याची वायरसुद्धा.

कूलर, खारं पाणी आणि धूळ

वऱ्हाडात उन्हाळा काढायचा म्हणजे कूलर आलाच. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्याने कूलर खोली चांगली थंड करतो आणि त्याचा फायदा कार्डालाही होतो. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

याचं एक खास कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचं पाणी खारट असतं. कूलरच्या जाळीवर, वाळ्यावर पांढरा थर चढतो तो त्याच क्षारांचा. झोतासोबत उडणारे बारीक थेंब कार्डावर बसले, तर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यातून गंज धरतो. अनेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींमध्ये गंजलेलं कार्ड बसत नाही. त्यामुळे कूलर खिडकीत लावा, समोरचं दुसरं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा आणि कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर वर ठेवा.

धुळीचं म्हणाल तर हंगामात कापसाचं तंतू, उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ. म्हणून समोरून पूर्ण काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा समोर जाळी आणि धुता येणारा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या. वर्षातून दोनदा साफसफाई करा. एकदा दिवाळीच्या आवराआवरीत आणि एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास, म्हणजे ऊन तापायच्या आधी. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं.

एक फुकटचा उपायही आहे. एप्रिल ते जून कार्डाची वीज सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणा. वीज २० टक्के कमी केली तरी फ्रेम तेवढ्या कमी होत नाहीत, बऱ्याच कार्डांत त्या ५ ते १० टक्क्यांच्या आतच घटतात. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर गेमलाही ७५ फ्रेमची मर्यादा घाला. न दिसणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड तापवण्यात अर्थ नाही.

बिल जपून ठेवा

भारतात ग्राफिक्स कार्डांवर साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. पण ती कोण, कुठे आणि कशी देतो हे ब्रँडप्रमाणे बदलतं. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. त्यामुळे घेण्याआधी दुकानदाराला थेट विचारा, "कार्ड बिघडलं तर तुम्ही पाठवणार की मला जावं लागेल?" १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या पावतीत वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात. दुबई किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून स्वस्तात मागवत असाल, तर त्या कार्डाची वॉरंटी भारतात चालते का ते आधी तपासा.

सेकंडहँडचा मोह होत असेल तर एक गोष्ट आठवा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली बरीच कार्डं बाजारात आली. घ्यायचंच असेल तर अर्धा तास जड गेम समोर चालवून, तापमान बघून मगच घ्या.

तर मग घ्यायचं काय?

मॉनिटर २४ इंची, १०८०पीचा आणि खेळायचं मुख्यतः व्हॅलोरंट, जीटीए ५, क्रिकेट असं असेल, तर १४५ ते १९० वॅटमधलं कार्ड भरपूर झालं. १०८०पीला पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, १४४०पीला ३७ लाख आणि ४के ला ८३ लाख. ठिपके जितके जास्त, तितकं कार्डाला काम जास्त.

नवीन मोठे गेम १४४०पीवर खेळायचे आणि पाच-सहा वर्षं काढायची असतील, तर १६० ते १८० वॅटमधलं १६ जीबी मेमरीचं कार्ड वऱ्हाडातल्या बहुतेक घरांसाठी योग्य आहे. आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय या दोघांच्या १६ जीबीच्या आवृत्त्या इथे बसतात. नाव एकच आणि मेमरी निम्मी, असे प्रकार दोन्हींत आहेत, म्हणून खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा. दोन किंवा तीन पंख्यांचं, जाड हीटसिंकचं मॉडेल घ्या. रंगीत लाइटांवर पैसे घालू नका.

२२० वॅटच्या पुढे जायचं, तर खोलीत एसी आहे का आणि त्याचं बिल कोण भरणार, हे आधी ठरवा.

आणि दुकानात "किती वर्षं चालन?" असं विचारण्याऐवजी चार प्रश्न विचारा. किती वॅट? किती जीबी? एसएमपीएस कोणता देता? बिघडलं तर कोण नेणार? याची सरळ उत्तरं देणारा दुकानदार मिळाला, तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं आपल्या हातात आहे: अर्थिंग, फिल्टर आणि मे महिन्यात दुपारी दोन ते पाच खेळणं बंद. तेवढ्या वेळात बाबांच्या समाधानासाठी थोडा अभ्यासही होईल.